जुना लेग व्हाइस (लोहारी शेगडा) मिळतोय. घेताना काय पाहावं, आणल्यावर कसा सांभाळावा?

वावरातला

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, कपाशी-तुरीवाला शेतकरी. दोन वर्षांपासून शेडमध्ये कोळशाची लहान भट्टी आहे, ब्लोअर लावलेला. वखराची पास (जमिनीत चालणारं लोखंडी पातं) शेवटणे, म्हणजे तापवून ठोकून धार काढणे, डवऱ्याच्या पासा, विळे, कुऱ्हाडी असं घरचं काम करतो, आणि पेरणीच्या आधी शेजारपाजारचंही येतं.

मागच्या आठवड्यात बेंच व्हाइसमध्ये (टेबलावर बसवलेल्या शेगड्यात) तापलेली पास धरून घणाने वाकवत होतो. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला मागचा जबडा बुडातून तुटला आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) होता. तेव्हापासून बेंच व्हाइसवर घण मारायची हिंमत होत नाही.

आता आमच्याकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातलं सामान एका भंगारवाल्याने उचललं आहे. त्यात एक लेग व्हाइस आहे, तोच जुना उभा, लांब पायाचा. जबडा पाच इंच. पूर्ण गंजलेला, स्प्रिंग गायब, दांडा वाकडा. सहा हजार मागतो. मी तो फक्त ढिगात पडलेला पाहिला आहे, हात लावून नाही. घ्यावा का? जाताना काय काय तपासू?

फिटर_निवृत्त

पाय वाचला हे सगळ्यात मोठं. बीड दाबाला चांगलं, पण ठोक्याला ठिसूळ. ते वाकत नाही, सरळ तुटतं. बेंच व्हाइस कानस चालवायला, कापायला, आटे पाडायला असतो. घणाचं काम त्याचं नाही.

लेग व्हाइस घडीव असतो, आणि त्याचं खरं मर्म त्याच्या पायात आहे. मागचा जबडा आणि जमिनीपर्यंत जाणारा पाय हा एकच अखंड तुकडा असतो. जबड्यावर मारलेला ठोका त्या पायातून थेट जमिनीत उतरतो. टेबलाच्या बोल्टवर तो येतच नाही, बोल्ट फक्त व्हाइसला उभा धरून ठेवतात. म्हणून पाय कापलेला लेग व्हाइस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कुणीतरी टेबलावर बसवायला पाय कापतो आणि चांगली वस्तू वाया घालवतो.

आता तपासणी. गंज, वाकडा दांडा, नसलेली स्प्रिंग या तिन्ही गोष्टी घरी होतात, त्यांच्यावर भाव पाडा आणि विसरा. जीव आहे तो स्क्रू आणि त्याच्या पेटीत, म्हणजे ज्या नळीत स्क्रू फिरतो तिच्यात. स्क्रू पूर्ण उलटा फिरवून बाहेर काढा. भंगारवाला नाही म्हणाला तर व्हाइस तिथेच सोडून या. आटे चौकोनी असतात. चांगल्या आट्याचा माथा सपाट दिसतो, झिजलेला आटा सुरीच्या धारेसारखा बारीक होतो. झीज सगळीकडे सारखी नसते. जबडे एक-दीड इंच उघडे असताना जिथे पेटी येते, तिथलेच आटे आधी जातात, कारण रोजचं काम तेवढ्याच फटीत होतं. तिथे नीट पाहा.

पेटीतले आटे डोळ्याला धड दिसत नाहीत, ते हाताने कळतात. स्क्रू पुसून, तेल लावून पुन्हा पेटीत अर्धा बसवा आणि न फिरवता सरळ आत-बाहेर ओढून पाहा. थोडी खडखड चालते. पण आट्याच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त खेळ असेल तर पेटी गेली समजा.

पेटीच्या तोंडाशी गंज खरवडून बघा. पिवळसर पितळेची रेघ दिसली तर ती जुन्या पद्धतीची पेटी आहे. तेव्हा नळीत आटे कापत नसत. चौकोनी तारेचं वेटोळं नळीत बसवून पितळेच्या झाळेने डाखत. अशी पेटी वाईट नसते, पण ती भट्टीत घालू नका. झाळ वितळली की आतलं वेटोळं सुटतं आणि व्हाइस कायमचा गेला. इंग्लंडात डडलीच्या पीटर राइट कंपनीने अखंड पेटीचं पेटंट घेतलं होतं आणि त्या व्हाइसवर ‘सॉलिड बॉक्स’ असं ठोकलेलं असतं. तुमच्यावर काही अक्षरं दिसतात का, तारेच्या ब्रशने घासून पाहा.

खाती_घरचा

दादा, फिटर काका बरोबर सांगून राह्यले. एक माह्यं आयका. कोणी पेटी मागच्या पायाले वेल्डिंग मारून पक्की केली असन तर तो घेजो नोको. पेटी त्या भोकात ढिलीच पाह्यजे. पुढचा जबडा सरळ मांगं-पुढं सरकत नाई, खालच्या बोल्टवर झोके घेते. त्याच्यासंगं स्क्रूचा कोन बदलते, म्हणून पेटीले थोडं डोलाले जागा लागते. पेटीवर एक लहान खुंटी अन् भोकाले खाच असते, ते पेटीले फिरू देत नाई. लोकाइले वाटते पेटी हालून राह्यली म्हंजे खराब झाली, अन् मारतात वेल्डिंग. मंग स्क्रू वाकते.

बल्लारपूरकर

मला एक वेगळं सुचवावंसं वाटतं. सहा हजारात थोडी भर टाकून बाजारात नवा पोलादी बेंच व्हाइस मिळेल. जुन्या वस्तूचे सुटे भाग मिळत नाहीत. शेती सांभाळून हे सगळं करायला वेळ आहे का, याचाही विचार करावा.

फिटर_निवृत्त

बल्लारपूरकर, वेळेचा मुद्दा मान्य. पण पोलादी बेंच व्हाइससुद्धा टेबलावरच बसतो. जबडा तुटणार नाही, पण प्रत्येक ठोका टेबल आणि बोल्ट खातील. आणि सुट्या भागांचं म्हणाल तर लेग व्हाइसमध्ये भाग किती? दोन पाय, स्क्रू, पेटी, खालचा बोल्ट, स्प्रिंग, दांडा, टेबलाला धरणारी पट्टी आणि तिच्या पाचरी. स्क्रू आणि पेटी सोडली तर बाकी सगळं लोहार स्वतः घडवतो. माझ्या मते त्यांनी हाच घ्यावा, आटे चांगले असतील तर.

वावरातला, अजून दोन गोष्टी राहिल्या. जबडे मिटवून समोरून पाहा. बिजागरीच्या बोल्टचं भोक झिजलं की पुढचा जबडा एका बाजूला सरकतो किंवा वर-खाली होतो. सुताभराचा (इंचाच्या आठव्या भागाचा) फरक नवीन बोल्ट आणि दोन वाशरांनी जातो. अर्ध्या इंचाचा असेल तर पाय वाकला आहे, तो तापवून सरळ करावा लागेल. मात्र पूर्ण मिटल्यावर जबड्यांची तोंडं वरपासून खालपर्यंत टेकली नाहीत तर दोष समजू नका. जबडे कमानीत फिरतात, ते एका ठरावीक फटीतच समांतर येतात.

वजनही विचारा. पाच इंची घडीव व्हाइस साधारण पंचवीस-तीस किलोच्या पुढे भरतो. किलोचा भाव आणि हत्याराचा भाव यांच्या मधे कुठेतरी सौदा बसवा.

वावरातला

काका, खाती भाऊ, फार उपकार झाले. सगळं वहीत उतरवून घेतलं. घडीव आहे की ओतीव, हे तिथल्या तिथे कसं ओळखू?

खाती_घरचा

ओतीव मालाले साच्याच्या जोडाची रेघ राह्यते, अन् अंगावर बारीक दाणा लागते. घडीवाच्या कडा हातोड्यानं मारलेल्या दिसतात, पायाच्या चारी कोपऱ्याले उतार असते. लय जुना असन अन् गंज खोल गेला असन, तर लोखंड लाकडावानी रेष्या-रेष्यानं सोलल्यासारखं दिसते. ते जुनं घडीव लोखंड. घाबरू नोको, ते चांगलं हाये. मंग जबड्याच्या तोंडावर कानस चालवून पाह्यजो. त्या लोखंडावर जबड्याले पोलादाचा तुकडा तापवून जोडलेला राह्यते. कानस घसरली तर पोलाद हाये, खाल्लं तर झिजून गेलं.

पावती_पाहिजे

एक बाब कुणी बोललं नाही. बंद कारखान्यातलं सामान घेताना भंगारवाल्याकडून लेखी पावती घ्या. त्याच ढिगात ऐरणीसाठी रुळाचा तुकडा दिसला तर मोह आवरा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध 1966 चा वेगळा कायदा आहे आणि तो कडक आहे. तुकडा मालकीचा कसा झाला, हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. आमच्या भागात शकुंतला रेल्वेची लाइन बंद पडल्यावर लोकांना सगळंच बेवारस वाटू लागलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

वावरातला

काल जाऊन आलो. घेतला!

भंगारवाला आधी स्क्रू काढू देईना. मी म्हटलं, काढू देत असाल तर आजच पैसे. मग दोघांनी मिळून डिझेल सोडलं, अर्धा तास थांबलो आणि पाइपाने नाही, हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी स्क्रू सुटला. आटे पाहून आनंद झाला. मधल्या तीनेक इंचात माथा थोडा बारीक आहे, पण धार झालेली नाही. पेटीत खेळ अगदी थोडा. तोंडाशी पितळेची रेघ आहे, म्हणजे काका, ही डाखलेली पेटी. कानस जबड्यावर घसरली. पुढचा जबडा डावीकडे दोन सूत सरकलेला आहे. काट्यावर 31 किलो भरला. साडेचार हजारात सुटला, पावतीसह. खूप घासूनही अक्षर काही सापडलं नाही.

आता पुढचं विचारतो. गंज काढायचा कसा, आणि बसवायचा कुठे?

फिटर_निवृत्त

छान सौदा झाला. ग्राइंडर लावू नका, निदान जबड्यावर आणि आट्यांवर तर नाहीच. धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरीचा चार्जर वापरा. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये चार लिटरला एक मोठा चमचा सोडा. चार्जरची ऋण तार व्हाइसला, धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पत्र्याला. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. स्टेनलेसचा पत्रा चुकूनही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही टाकू नका. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणून काम उघड्यावर करा, विडी-काडी लांब ठेवा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. एक रात्र पुरते. नंतर काळा गाळ ब्रशने निघतो. लगेच वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो.

जवसाचं_फूल

मी हिंगणघाटकडची. भाऊ लोखंडी काम करतो, शेती मी पाहते. गंज निघाल्यावर रंग मारू नका, जवसाचं तेल लावा. आपल्याकडे घाण्याचं मिळतंच. अंग इतकं तापवा की हात ठेववणार नाही, मग कापडाने अगदी पातळ पुसा. जाड लावलं तर चिकट राहतं. दोन-तीन हात दिले की काळसर, कोरडा थर बसतो आणि पावसाळ्यात गंज धरत नाही. स्क्रूच्या आट्यांना मात्र जवस लावू नका, तिथे वाळून गोंद होतो. आट्यांना ग्रीसच.

आणि आता जे सांगते ते कृपा करून सगळ्यांनी वाचा. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि चिंधी काडी न लावता पेट घेते. आमच्या शेडमध्ये हे घडलं आहे. माघाचा महिना होता, शेजारच्या खोलीत वेचणीचा कापूस छपरापर्यंत भरलेला. भावाने चिंध्या एका टोपलीत टाकल्या आणि जेवायला गेला. धुराचा वास आला म्हणून मी धावले, टोपली ओढून अंगणात फेकली. कापसाची खोली तेवढी वाचली. तेव्हापासून आमच्याकडे चिंधी एकतर तारेवर पसरून वाळते, नाहीतर पाण्याच्या डब्यात जाते. तुमच्या घरी कापूस असतो, म्हणून इतकं लिहिलं.

वावरातला

ताई, बरं झालं सांगितलं. माझी भट्टी आणि कापसाची खोली यांच्यात एकच भिंत आहे. चिंध्यांसाठी पाण्याचा डबा आजच ठेवतो.

खाती_घरचा

आता बसवाचं पाहा. माह्या बुढ्यानं चाळीस वर्षं भट्टी चालवली, म्हणून हे जरा लांब लिहितो.

तुमची जमीन काळी, भारी. उन्हायात हात जाईल असे भेगे पडतात, पावसायात फुगते. तिच्यात नुसता खांब गाडला तर खांब एका जागी राहत नाई. मे महिन्यात हालते, ऑगस्टात वाकडा होते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खांदजो. आमच्या इकडं तीन फुटावर मुरूम लागला, तुमच्या इकडं पाह्यजो. खांब बाभयीचा, कमीत कमी फूटभर जाड, वाळलेला. गाडाचा भाग आगीवर वरून-वरून जाळून कोळसा करजो, वरून जळकं ऑइल पाजजो, म्हंजे उदईले (वाळवीले) बरंच अडवते. अन् खड्डा भरताना निंगालेली काळी माती परत टाकू नोको. मुरूम अन् गोटे टाकून, वीतभर थर झाला का पाणी मारून पहारीनं ठोकजो.

व्हाइसच्या पायाचं टोक नुसतं मातीवर ठेवू नोको, घणाच्या ठोक्यानं रोज थोडं-थोडं धसते. त्याच्या खाली दगड, नाईतर जाड लोखंडी पाट्याले भोक पाडून त्यात टोक बसवजो.

उंची म्हणसान तर उभं राहून काम करत असान तर जबड्याचा माथा तुमच्या कोपराबरोबर. बुढा बसून काम करे. त्याच्यासाठी आम्ही खाली दगडाचा चौकोनी डबरा बांधून पाय त्याच्यात उतरवला होता, पण बिजागरीच्या खालपर्यंतच. बिजागरी मातीत गेली का बोल्ट खाऊन जाते.

स्प्रिंगची काळजी नोको. जीपच्या कमानीचा पातळ पाटा घेऊन वरून निमुळता करजो, खालचं टोक पट्टीच्या मांगं अटकवजो. पाणी द्याची (लाल तापवून बुडवून कडक कराची) गरज नाई, तापवून हवेत थंड होऊ दिली तरी पुरते. पाणी दिलं अन् जास्त कडक झाली तर मोडते.

वावरातला

अपडेट देतो. सोड्याच्या पाण्यात दोन रात्री ठेवला, आता अंग काळंभोर, जवसाचे तीन हात. बिजागरीला नवीन बोल्ट आणि डावीकडे एक वाशर घातल्यावर दोन सुताचा फरक अर्ध्या सुतावर आला. दांडा तापवून सरळ केला. स्प्रिंग कमानीच्या पाट्याची घडवली, पहिली जाड झाली म्हणून दुसरी केली. खांब बाभळीचा. पण मुरूम मला साडेतीन फुटांवरही लागला नाही. अक्षय तृतीया जवळ आली, कामं यायला लागली, म्हणून तेवढ्यावरच खड्डा मुरमाने भरून खांब उभा केला.

पहिली पास वाकवली तेव्हा हातातला फरक सांगता येत नाही. ठोका मारला की व्हाइस गप्प. बेंच व्हाइसवर टेबल नाचायचं, आवाज घुमायचा. इथे सगळा ठोका लोखंडात जातो.

फिटर_निवृत्त

वाचून समाधान वाटलं. दोन सवयी लावून घ्या. दांड्याला पाइप अडकवून आवळू नका, काम निसटत असेल तर जबड्यात पकड कमी पडते आहे, जोर नाही. आणि त्या व्हाइसमध्ये धरून वेल्डिंग कराल तर अर्थिंगचा चिमटा कामाच्या तुकड्यावरच लावा. व्हाइसच्या पायाला लावला तर करंट आट्यांमधून जातो आणि तिथे ठिणग्यांचे खड्डे पडतात. तापलेलं लोखंड फार वेळ जबड्यात धरून ठेवू नका, पोलादाचं पाणी उतरतं. वाकवा आणि काढा.

वावरातला

जुलै संपत आला. दोन जोराचे पाऊस झाले आणि खाती भाऊंनी सांगितलं तसंच झालं. खांब बोटभर पूर्वेकडे कलला. माती फुगून एका बाजूने दाबते आहे. पायाचं टोक पाट्याच्या भोकातून वर उचललं गेलं, म्हणजे सध्या ठोका पायातून जमिनीत न जाता खांबाच्या बोल्टांवर येतो आहे. काम थांबवलं. आता पुन्हा खणायचं म्हटलं तर खड्ड्यात पाणी भरतं. कुणाकडे उपाय आहे?

ट्रॉली_दुरुस्ती

दादा, मी आर्णी रोडवर ट्रॉल्यांचं काम करतो. जमिनीशी भांडू नका, व्हाइसची जमीन त्याच्यासोबत द्या. ट्रकचा जुना रिम आडवा ठेवा, खाली जाड प्लेट वेल्ड करा. मधोमध मोठ्या बोअरचा जाड पाइप उभा करा आणि रिम काँक्रीटने भरा. व्हाइसची पट्टी पाइपाला बोल्टने, आणि पायाचं टोक खालच्या प्लेटवर, तिथे लहान कडं वेल्ड करून त्यात. महत्त्वाचं हे की पाय आणि पाइप एकाच प्लेटवर उभे राहतात. जमीन फुगली तर सगळं सोबत उचललं जाईल, पाय लोंबकळणार नाही. जड होतो, पण दोघं मिळून तिरपा करून लोटता येतो. कापूस आला की भट्टीपासून दूर नेता येईल.

खाती_घरचा

हे माह्या खांबापेक्षा बरं हाये. मुरूम नाई लागत तिथं हेच करजो. फक्त पाइप पायाच्या एकदम जवळ घेजो, नाईतर पट्टी लांब होते अन् पिळते.

वावरातला

ट्रॉलीवाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे केला. रिम एका ओळखीच्या गॅरेजातून मिळाला. काँक्रीट दहा दिवस ओलं ठेवलं, गोणपाट टाकून. आज पोळ्याआधीची पहिली पास वाकवली. टोक कड्यात घट्ट बसलं आहे, बोल्टांना पुन्हा पाना लावावा लागला नाही.

काका, एक शेवटचं विचारतो. स्क्रूचा खांदा पुढच्या जबड्यावर टेकतो, तिथलं वाशर माझ्याकडे सपाट आहे. जबडे जास्त उघडले की ते एकाच कडेवर घासतं. काय करू?

फिटर_निवृत्त

ते वाशर मूळचं वाटीसारखं असतं, एक बाजू फुगीर. दोन घडवा, फुगीर बाजू जबड्याच्या खळग्यात बसेल अशी, आणि मधे ग्रीस. महिन्यातून एकदा स्क्रू पूर्ण काढून जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन टाका, कारण ग्राइंडरची धूळ त्यात मिसळली की तेच ग्रीस आट्यांना पॉलिश पेपरसारखं खातं. आमच्या शॉपमध्ये स्क्रूवर चामड्याचा एक तुकडा झाकण म्हणून बांधलेला असायचा. जुन्या चपलेचा तळ चालेल.